बिघडलेल्या रंगावर दुसरा रंग नको. घरी फसलेला कलप सुधारताना काय करावे, काय टाळावे

सिल्वासा : घरात लग्नकार्य निघाले, की तयारीच्या यादीत एक काम हमखास शेवटच्या रात्रीवर ढकलले जाते. पाहुणे यायच्या आदल्या दिवशी, जेवणे आटोपल्यावर, न्हाणीघरातल्या आरशासमोर उभे राहून केसांना रंग लावण्याचे. पुडी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात मिळते, जुनी वाटी आणि ब्रश घरात असतोच, आणि काम अर्ध्या-पाऊण तासाचे. बहुतेक वेळा ते निभावूनही जाते. एखाद्या वेळी मात्र केस धुऊन पंचा सोडला, की आरशात भलतेच रूप दिसते. मुळांशी भगवी झाक, मध्ये तपकिरी पट्टे आणि टोके कोळशासारखी काळी. अशा वेळी मनात येणारा पहिला विचार दुसरी पुडी आणून सगळे एकदाचे काळे करून टाकण्याचा असतो. अनुभवी केशतज्ज्ञाचा पहिला सल्ला नेमका याच्या उलट असतो. तो म्हणजे, हात थांबवावा.

सिल्वासासारख्या गावात हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. आमली, मसाट, पिपरिया येथील औद्योगिक वसाहतींमुळे हे शहर पाळ्यांमध्ये काम करणाऱ्यांचे झाले आहे. महाराष्ट्र, गुजरात आणि उत्तरेकडील राज्यांतून आलेली कुटुंबे येथे स्थिरावली आहेत. पाळी संपवून घरी परतलेल्या माणसाला पार्लरमध्ये तीन तास बसणे वेळेच्या आणि पैशाच्या दृष्टीने जड जाते. त्यामुळे घरच्या घरी कलप लावणे हा स्त्री-पुरुष दोघांचाही रिवाज आहे आणि त्यात गैर काहीच नाही. गैर होते ते बिघाड झाल्यानंतर. चूक झाकण्यासाठी घाईने केलेल्या दुसऱ्या प्रयोगाने केस तुटू लागतात, कधी टाळूची आग होते, आणि जे काम एका बैठकीत सुधारले असते ते अनेक महिन्यांवर जाते.

रंग केसात शिरतो कसा?

बिघाड समजून घ्यायचा, तर आधी केसाची घडण पाहावी लागते. केसाचे बाहेरचे आवरण छपरावरच्या कौलांसारखे असते. सूक्ष्म खवले एकावर एक रचलेले असतात. त्याखाली केराटिन या प्रथिनाचा गाभा असतो आणि त्यात मेलॅनिन हे नैसर्गिक रंगद्रव्य विखुरलेले असते. भारतीय केसांचा काळेपणा याच द्रव्याचा.

कायमस्वरूपी रंगात दोन गोष्टी एकत्र कालवल्या जातात. रंगाच्या भागातील अमोनिया किंवा तत्सम अल्कली केस फुगवते आणि खवले उघडते. डेव्हलपर म्हणून दिलेले हायड्रोजन पेरॉक्साइड आत जाऊन दोन कामे करते. ते केसाचा मूळ रंग काही प्रमाणात फिका करते आणि आत शिरलेल्या रंगाच्या लहान रेणूंची जुळणी करून त्यांचे मोठे रेणू बनवते. हे मोठे रेणू आले त्या वाटेने परत बाहेर पडू शकत नाहीत. म्हणूनच असा रंग शाम्पूने धुऊन जात नाही, थोडा फिका पडतो एवढेच.

यातूनच सलूनच्या व्यवसायातील पहिला नियम निघतो. एक रंग दुसऱ्या रंगाला उजळवत नाही. केसात आधीच गडद तपकिरी रंग बसला असेल, तर त्यावर फिक्या सोनेरी छटेची पेटी लावून केस सोनेरी होत नाहीत. नवीन उगवलेली मुळे तेवढी उजळतात आणि लांबी होती तशीच काळपट राहते. डोक्यावर दोन वेगळ्या माणसांचे केस असावेत, तसे ते दिसते.

पेरॉक्साइडच्या तीव्रतेचाही मोठा वाटा असतो. सलूनमध्ये ते ३, ६, ९ आणि १२ टक्के अशा चार प्रमाणांत वापरले जाते. व्यवसायाच्या भाषेत त्यांना १०, २०, ३० आणि ४० व्हॉल्यूम म्हणतात. मुळांना एक, लांबीला दुसरे आणि पांढऱ्या केसांना तिसरे, अशी निवड केशतज्ज्ञ करतो. घरगुती पेटीत मात्र सर्वांसाठी एकच बाटली असते. विशीतल्या मुलीच्या दाट काळ्या केसांना तीच आणि पन्नाशीतल्या गृहस्थांच्या विरळ पांढऱ्या केसांनाही तीच.

केस म्हणजे गेल्या दोन-तीन वर्षांची वही

डोक्यावरचा केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटीमीटर वाढतो. याचा अर्थ, खांद्याखाली रुळणाऱ्या तीस सेंटीमीटर केसांच्या टोकाशी दोन-अडीच वर्षांपूर्वीचा केस असतो. दोन दिवाळ्यांआधी लावलेली मेंदी, गेल्या उन्हाळ्यात करून घेतलेले स्ट्रेटनिंग आणि श्रावणात लावलेला कलप हे सारे त्या लांबीवर क्रमाने नोंदलेले असते. विसरते ते माणूस. केस विसरत नाही.

बिघाड सुधारण्याचे यश या नोंदीवरच अवलंबून असते आणि येथेच बहुतेकांचा संकोच आडवा येतो. पार्लरमधील ताईंनी विचारले, ‘आधी काही लावले होते का?’ तर उत्तर येते, ‘नाही, काही नाही, फक्त मेंदी.’ मेंदी हा रंग नव्हेच, अशी आपल्याकडची समजूत. प्रत्यक्षात मेंदीतील लॉसोन हे द्रव्य केसाच्या प्रथिनाला घट्ट चिकटते आणि सहजासहजी सुटत नाही. त्यातही बाजारात मेंदी या नावाने विकली जाणारी प्रत्येक पूड निव्वळ मेंदीच्या पानांची नसते. ‘काळी मेंदी’ म्हणून मिळणाऱ्या अनेक पुड्यांत पी-फेनिलीनडायामाइन, म्हणजे संक्षेपाने पीपीडी, हे रासायनिक रंगद्रव्य असते. काही मिश्रणांत धातूंचे क्षारही असतात. अशा क्षारांवर पेरॉक्साइड किंवा ब्लीच पडले, की केस तापू शकतो, त्याचा रंग विचित्र होतो आणि तो तुटूही शकतो.

म्हणून जाणता केशतज्ज्ञ थेट डोक्यावर प्रयोग करत नाही. मानेजवळच्या, वरच्या केसांखाली झाकल्या जाणाऱ्या भागातील मोजके केस कापून तो थोडा अमोनिया मिसळलेल्या पेरॉक्साइडमध्ये काही वेळ ठेवतो. केस गरम झाला, उग्र वास आला किंवा रंग भलतीकडे गेला, तर त्या डोक्याला ब्लीच लावायचे नाही, हे तेथेच ठरते. ही चाचणी घरी करण्यासारखी नाही. मात्र ती केली जाते का, हे विचारण्याचा ग्राहकाला पूर्ण अधिकार आहे. वैद्यापासून दुखणे लपवू नये, असे आपल्याकडे म्हणतात. केसांच्या बाबतीत ते पार्लरलाही लागू पडते. अर्धवट माहितीवर काम करताना काही बिघडले, तर केस ग्राहकाचे जातात आणि नाव पार्लर चालवणाऱ्या ताईंचे.

बिघाड कोणता, त्यावर उपाय ठरतो

*मुळे भगवी, टोके काळी.* सर्वांत अधिक आढळणारा हा प्रकार. काळा केस उजळू लागला, की तो आधी तांबूस, मग केशरी आणि त्यानंतर पिवळा होत जातो. काम अर्ध्यावर थांबले, की केशरी रंग उघडा पडतो. टाळूच्या उष्णतेमुळे मुळांशी ही क्रिया वेगाने होते, म्हणून तेथे भगवेपणा अधिक. यावर आणखी ब्लीच हा उपाय नव्हे. केशतज्ज्ञ विरुद्ध रंगांचा आधार घेतो. केशरीला निळा, पिवळ्याला जांभळा आणि तांबड्याला हिरवा रंग मारतो. निळसर किंवा राखाडी झाक असलेला टोनर लावून भगवेपणा शमवता येतो किंवा मुळे एक-दोन छटा गडद करून लांबीशी जुळवून घेता येतात. दुसरा मार्ग केसांना कमी त्रासदायक असतो.

*सगळेच कुळकुळीत काळे.* दर महिन्याला मुळांपासून टोकापर्यंत तोच रंग फिरवला, की टोकांवर थरावर थर साचतो. चेहऱ्याला न शोभणारा, टोपासारखा दिसणारा काळेपणा येतो. येथे सलूनमध्ये रंग काढणारे रसायन वापरतात. ते केसातील मोठ्या रेणूंची जुळणी सोडवते आणि ते धुऊन काढता येतात. नीट धुतले गेले नाही, तर राहिलेले रेणू पुन्हा जुळून केस काही दिवसांत परत काळवंडतात. त्यामुळे हे काम संयमाचे असते. यापुढे रंग फक्त नव्या मुळांना लावावा आणि लांबीला हात लावू नये, हा त्यावरचा साधा आणि बिनखर्चाचा बंदोबस्त.

*हिरवट झाक.* ब्लीच करून पिवळे झालेले केस घाबरून परत तपकिरी करायला जावे, तर ते शेवाळी दिसू लागतात. कारण उजळताना केसातील तांबूस रंग निघून गेलेला असतो आणि तपकिरी रंग उभा राहायला त्याचाच पाया लागतो. अशा वेळी केशतज्ज्ञ आधी तांबूस-सोनेरी रंग भरतो आणि मग वर तपकिरी चढवतो. मेंदीनंतर नीळ लावून काळे केलेले केस ब्लीच केले, तरी हिरवेपणा उमटू शकतो. येथे ग्राहकाने दिलेली खरी माहितीच उपयोगी पडते.

*ठिगळे.* रंग कमी पडला, मागच्या बाजूस हात पोहोचला नाही किंवा जाड बटा घेतल्या, की रंग ठिकठिकाणी बसतो. हा बिघाड सर्वांत सोपा. पूर्ण डोके पुन्हा रंगवण्याची गरज नसते. राहिलेले भाग तेवढे जुळवून घेतले जातात.

*ओला केस रबरासारखा ताणला जातो.* हे धोक्याचे लक्षण. ओली बट हलकेच ओढल्यावर ती लांबत जाते आणि पूर्ववत होत नाही किंवा तुटते, याचा अर्थ केसाच्या गाभ्यातील प्रथिनांचे बंध मोडले आहेत. अशा केसांवर रंग, ब्लीच, स्ट्रेटनिंग यांपैकी काहीही करू नये. टोके कापणे, प्रथिनयुक्त उपचार आणि वाट पाहणे, एवढेच हाती असते. केसाचा बाहेर आलेला भाग निर्जीव असतो. तो जखमेसारखा भरून येत नाही. बंध सांधण्याचे उपचार आधार देतात, पण मोडलेला केस पूर्ववत करत नाहीत. जो सलूनवाला अशा अवस्थेतही ‘आजच करून देतो’ म्हणतो, त्याच्याकडून उठून यावे.

टाळूची आग झाली, तर पार्लर नव्हे, दवाखाना

रंगाचा बिघाड आणि रंगाची ॲलर्जी या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पीपीडीची ॲलर्जी असलेल्या व्यक्तीला रंग लावल्यानंतर काही तासांनी, कधी दोन-तीन दिवसांनीही त्रास सुरू होतो. टाळू, कान, कपाळ आणि मान यांना खाज सुटते, पुरळ येते, पाणी सुटते, पापण्या सुजून डोळे मिटू लागतात. अशा वेळी डोके भरपूर पाण्याने धुवावे आणि त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे. सिल्वासात श्री विनोबा भावे नागरी रुग्णालय आहे. श्वास घेण्यास त्रास होत असेल किंवा ओठ-जीभ सुजत असेल, तर क्षणाचाही विलंब न करता तातडीच्या विभागात न्यावे. सुजलेल्या टाळूवर ‘थंड पडेल’ म्हणून दही, लिंबू किंवा दुसरा रंग लावणे म्हणजे आगीतून फुफाट्यात जाणे.

ही ॲलर्जी एकदा जडली, की बहुधा जन्मभर राहते. दहा वर्षे तीच पुडी लावली आणि काही झाले नाही, म्हणून अकराव्या वर्षी होणार नाही, असे नसते. ‘अमोनियाविरहित’ या शब्दानेही निर्धास्त होऊ नये. त्यात अमोनियाऐवजी दुसरी अल्कली असते आणि पीपीडी असूही शकते.

याबाबत कायदा स्पष्ट आहे. सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० नुसार केसांच्या रंगाच्या आतल्या आणि बाहेरच्या वेष्टनावर सावधगिरीची सूचना इंग्रजीत तसेच स्थानिक भाषांत छापावी लागते. रंगामुळे काहींच्या त्वचेला दाह होऊ शकतो, म्हणून आधी चाचणी घ्यावी, आणि भुवया वा पापण्यांना हा रंग लावू नये, त्याने अंधत्व येऊ शकते, असा तिचा आशय असतो. चाचणीची रीतही आत द्यावी लागते. कानामागची किंवा कोपर ते मनगट या भागाच्या आतल्या बाजूची जागा स्वच्छ करून कालवलेला रंग थोडासा लावावा, वाळू द्यावा, चोवीस तासांनी धुवावा. दाह नसेल तरच डोक्याला लावावा. आणि ही चाचणी एकदाच नव्हे, तर प्रत्येक वेळी करायची असते. काहींना त्रास उशिरा होतो. म्हणून अठ्ठेचाळीस तास वाट पाहणे अधिक सुरक्षित. सिल्वासात एकाच चाळीत मराठी, गुजराती, हिंदी, वारली आणि कोकणा बोलणारी माणसे राहतात. पुडीवरची बारीक अक्षरे घरातील वाचणाऱ्याकडून वाचून घेणे, हे रंग कालवण्याइतकेच आवश्यक काम आहे. लग्नाच्या आदल्या रात्री रंग लावणाऱ्याला या चाचणीसाठी वेळच उरत नाही, ही खरी अडचण.

योग्य माणूस कसा ओळखावा?

रंग लावणे आणि बिघडलेला रंग दुरुस्त करणे ही दोन वेगळी कौशल्ये आहेत. दुसऱ्यासाठी वापी, सुरत किंवा मुंबईलाच जावे लागते, असेही नाही आणि मोठ्या पाटीच्या सलूनमध्ये ते हमखास मिळते, असेही नाही. पुढील प्रश्नांच्या उत्तरांवरून अंदाज येतो.

– रंगाला हात लावण्यापूर्वी केसांचा मागील दोन-तीन वर्षांचा तपशील विचारला का?
– केस ओले आणि कोरडे, दोन्ही पाहिले का? दिवसाच्या उजेडात पाहिले का?
– एका बटेवर चाचणी आणि त्वचेवर चाचणी घेण्याची तयारी आहे का?
– किती बैठका लागतील आणि दोन बैठकांत किती दिवसांचे अंतर ठेवावे लागेल, हे सांगितले का?
– खर्चाचा अंदाज आधी, शक्य तर लिहून दिला का?
– ‘हे होणार नाही’ असे एखाद्या गोष्टीबाबत स्पष्ट सांगितले का?

शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. काळ्या पुडीने वर्षभर रंगवलेले केस एका दुपारी सोनेरी करून देण्याचे आश्वासन देणारा माणूस केसांची नव्हे, बिलाची काळजी करत असतो. लग्न चार दिवसांवर आले असेल, तर प्रामाणिक तज्ज्ञ बहुधा सर्व केस एकसारखे गडद तपकिरी करून देईल आणि उरलेली दुरुस्ती कार्य पार पडल्यावर करू म्हणेल. तो सल्ला मानावा.

सलूनमध्ये घेतलेली सेवा ग्राहक संरक्षण कायदा, २०१९च्या कक्षेत येते. सेवेत त्रुटी राहिल्यास दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते आणि पाच लाख रुपयांपर्यंत मोबदला दिलेल्या प्रकरणात शुल्क लागत नाही. पण पुरावा हवा. दिल्लीतील एका तारांकित हॉटेलच्या सलूनमध्ये २०१८मध्ये केस चुकीचे कापल्याच्या प्रकरणात राष्ट्रीय आयोगाने २०२१मध्ये दोन कोटी रुपयांची भरपाई दिली, तेव्हा देशभर चर्चा झाली. फेब्रुवारी २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रक्कम रद्द केली. भरपाईला नुकसानीचा ठोस पुरावा लागतो, असे सांगून प्रकरण आयोगाकडे परत पाठवले. त्यातून सामान्य ग्राहकाने घ्यायचा धडा सोपा आहे. पावती घ्यावी, काम सुरू होण्यापूर्वीचे आणि नंतरचे छायाचित्र काढून ठेवावे. त्याचा उपयोग सलूनलाही होतो. बिघाड घरून आलेला होता, हे त्याच छायाचित्रात दिसते.

दुरुस्तीनंतरची निगा

सुधारलेला रंग टिकणे पहिल्या काही आठवड्यांवर अवलंबून असते. कढत पाण्याने डोके धुऊ नये, शाम्पू सौम्य असावा, स्ट्रेटनर आणि ड्रायर शक्य तितके दूर ठेवावेत. ओले केस करकचून विंचरू नयेत, रुंद दातांचा कंगवा वापरावा.

न्हाण्यापूर्वी खोबरेल लावण्याच्या घरच्या सवयीला येथे आधार आहे. मॅरिको या मुंबईच्या कंपनीतील संशोधकांनी २००३मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खनिज तेल, सूर्यफूल तेल आणि खोबरेल यांची तुलना केली होती. केसातून होणारी प्रथिनांची झीज खोबरेलाने लक्षणीय कमी झाली, इतर दोन तेलांनी नाही. खोबरेलातील लॉरिक आम्लाचे रेणू लहान आणि सरळ असल्याने ते केसाच्या आत शिरतात, असे त्याचे स्पष्टीकरण देण्यात आले. ही कंपनी स्वतः खोबरेल विकते, हे लक्षात ठेवूनही, महागड्या बाटलीकडे वळण्यापूर्वी घरातला डबा उघडून पाहायला हरकत नाही.

पुढचा रंग लावण्याची घाई करू नये. त्याऐवजी एका कागदावर केसांची नोंद ठेवावी. कोणत्या तारखेला काय लावले, कोणती छटा, किती वेळ ठेवले. आणि आज रंग बिघडून बसला असेल, तर रागाने कचऱ्यात टाकलेली रिकामी पुडी आधी उचलून आणावी. तिच्यावर छापलेल्या घटकांच्या यादीत दुरुस्ती करणाऱ्याला हवी असलेली अर्धी माहिती असते. पार्लरला जाताना ती पिशवीत घालून न्यावी.